पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय होते?

दवाखान्यातून शासकीय रुग्णालयाकडे पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे कळण्याचा वैद्याजवळ आजही एकच खात्रीचा मार्ग आहे. तो म्हणजे रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने स्वतः परत येणे. तो येतो तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत चार-पाच केसपेपर, घड्या पडून फाटलेली रक्ततपासणीची कागदे, सोनोग्राफीचा अहवाल, औषधांची रिकामी पाकिटे आणि बसची तिकिटे असे सारे एकत्र असते. ती पिशवी टेबलावर रिकामी करून तो विचारतो, "डॉक्टरसाहेब, यात काय लिहिलंय?" हा प्रश्न त्याने जेथे विचारावयास हवा होता तेथे त्याला तो विचारता आलेला नसतो, किंवा विचारूनही उत्तर मिळालेले नसते.

शासकीय आरोग्यसेवेविषयीच्या तक्रारी नव्या नाहीत. रिक्त पदे, बंद पडलेली यंत्रे, अपुऱ्या खाटा यांविषयी वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे लिहिले जात आहे आणि त्यांतील बहुतेक लिखाण खरे आहे. त्याची उजळणी करण्याचा येथे हेतू नाही. आमचा विषय त्याहून लहान आहे. तपासणीस उशीर होतो ही एक गोष्ट. उशीर का होत आहे, किती होणार आहे आणि तोवर रुग्णाने काय करावयाचे हे कोणी सांगत नाही, ही दुसरी. बोलताना या दोन्ही एकत्र केल्या जातात आणि मग पहिलीची कारणे दुसरीलाही लावली जातात. रेडिओलॉजिस्टचे रिक्त पद भरण्यास मंजुरी, जाहिरात, मुलाखत हे सर्व लागते. परंतु "पद रिकामे आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस बाहेरून येतात, आपला क्रमांक पुढल्या गुरुवारी लागेल," एवढे वाक्य उच्चारण्यास कोणाचीही मंजुरी लागत नाही. तरी ते उच्चारले जात नाही. आणि आमच्या अनुभवात रुग्णाचे अधिक नुकसान या न सांगण्यानेच होते.

शास्त्र काय म्हणते

आपल्या मर्यादेपलीकडचा रुग्ण योग्य हाती सोपविणे ही आधुनिक वैद्यकाकडून उसनी घेतलेली रीत नव्हे. चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माच्या ठिकाणी कर्माचा अधिकार स्पष्टपणे धान्वंतरीयांकडे, म्हणजे शल्यसंप्रदायाकडे दिलेला आहे. कायचिकित्सेच्या अग्रणी ग्रंथाला यात कमीपणा वाटला नाही. सुश्रुतांनी सांगितलेले सहा क्रियाकाल आपणां सर्वांना पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून पाठ असतात. संचयापासून भेदापर्यंतचा तो क्रम परीक्षेपुरता नाही. उशिराचा हिशेब मांडण्याचे त्याहून नेमके साधन आमच्या पाहण्यात नाही. स्थानसंश्रयाच्या अवस्थेत आपण पाठविलेला रुग्ण तारखा घेत घेत व्यक्तावस्थेला पोहोचतो, आणि व्यक्तावस्थेत पाठविलेला भेदाला.

चतुष्पादात आतुराचे जे चार गुण सांगितले आहेत त्यांत स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व येतात. रुग्णाने सांगितलेले लक्षात ठेवावे, सूचना पाळाव्यात, भिऊ नये आणि आपली अवस्था नीट सांगावी. ज्याला कोणी काही सांगितलेलेच नाही त्याने लक्षात काय ठेवावयाचे आणि पाळावयाचे काय? अभीरुत्वाविषयी तर बोलावयासच नको. तीन तास रांगेत उभे राहून "पुढच्या मंगळवारी या" एवढेच ऐकणाऱ्याच्या मनात भय उत्पन्न झाले नाही तरच नवल.

सत्तेचाळीस दिवस

आमच्या नोंदवहीतील एक रुग्ण येथे सविस्तर सांगतो. शेतमजूर, वय ५८. डोळे, नखे, मूत्र पिवळे, सर्वांगास कंडू इतकी की दंडावर आणि पोटऱ्यांवर ओरखडे, वेदना नाही, गेल्या दोन महिन्यांत अंगावरचे कपडे सैल झालेले. मलाचा वर्ण विचारला तर तिळाच्या कल्कासारखा. शाखाश्रित कामलेचे हे लक्षण ज्याने ग्रंथात वाचले आहे त्याला पित्ताचा मार्ग रुद्ध झाल्याचे सांगावे लागत नाही. रक्तात बिलिरुबिन ११, त्यातील बहुतांश डायरेक्ट. वय, वेदनेचा अभाव आणि घटलेले वजन पाहता कफाने मार्ग अडला असेल असे मानून तिक्त-कटु द्रव्ये देत बसण्याची ही वेळ नव्हती. सविस्तर चिठ्ठी लिहून आम्ही त्यास दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविले. चिठ्ठीत संशय स्पष्ट लिहिला होता आणि सोनोग्राफी तातडीने व्हावी अशी विनंती केली होती.

सोनोग्राफीची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. चौदाव्या दिवशी अहवाल आला: पित्तवाहिनी रुंदावलेली, अडथळ्याचे कारण दिसत नाही, सीटी स्कॅन करावे. तेथील सीटी यंत्र त्या वेळी बंद होते. केसपेपरवर "हायर सेंटर" असे दोन शब्द पडले. हे सेंटर कोणते, तेथे कोणत्या विभागात जावयाचे, कोणत्या वारी जावयाचे, याची एक ओळही नव्हती. मुलाने पैशाची जुळवाजुळव केली आणि तेविसाव्या दिवशी नव्वद किलोमीटरवरील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठले. तेथे नवा केसपेपर, रक्ततपासणी नव्याने, सोनोग्राफी नव्याने. जुने अहवाल पिशवीतच राहिले. सीटीची तारीख छत्तिसाव्या दिवशीची, अहवाल चाळिसाव्या दिवशी. अहवाल घेऊन मुलगा बाह्यरुग्ण विभागात गेला तर तो दिवस त्या युनिटचा नव्हता. महाविद्यालयीन रुग्णालयात प्रत्येक युनिटचे वार ठरलेले असतात, हे आपण जाणतो. शेतमजुराच्या मुलास ते कोणी सांगावे? चव्वेचाळिसाव्या दिवशी योग्य युनिट भेटले. निवासी डॉक्टरांनी अहवाल पाहिला, खाट रिकामी नाही, सोमवारी दाखल व्हा, असे सांगितले. सत्तेचाळिसाव्या दिवशी बाप-लेक ती पिशवी घेऊन आमच्याकडे आले. स्वादुपिंडाच्या शीर्षभागी गाठ आहे आणि ती मोठ्या रक्तवाहिनीस वेढून बसली आहे, हे त्यांना प्रथम आमच्या टेबलाशी कळले.

पहिल्या आठवड्यात निदान झाले असते तर तो वाचला असता, असा दावा आम्ही करीत नाही. त्या व्याधीचा स्वभाव आम्हांस ठाऊक आहे. परंतु मधल्या सात आठवड्यांत काय घडले ते पाहावे. रोगाचे नाव कोणी उच्चारले नाही म्हणून घरच्यांच्या लेखी ती साधी "कावीळ"च राहिली. गळ्यात काविळीची माळ पडली. शेजारच्या गावी नेऊन नाकात देवडांगरीच्या रसाचे थेंब टाकविले; पिवळे पाणी वाहिले आणि त्याबरोबर रक्तही. तूप-तेल पूर्ण बंद करून उसाचा रस आणि मुळा एवढ्यावर त्यास ठेवले, त्याने उरलेसुरले बळ गेले. औषधांच्या दुकानातून यकृताची तीन निरनिराळी सिरपे आली. यांतील एकही उपाय मूर्खपणाने केलेला नव्हता. ज्यास काविळीखेरीज दुसरा शब्द सांगितलेला नाही, तो काविळीचेच औषध शोधणार. पुढे ईआरसीपी करून पित्तवाहिनीत नळी बसविली आणि आठवड्याभरात कंडू शमली. सात आठवड्यांत प्रथमच तो रात्रभर झोपला, असे त्याची पत्नी म्हणाली. त्यानंतर तो तीन महिने जगला. ही झोप त्यास पुष्कळ आधी मिळू शकली असती, एवढेच आम्ही खात्रीने म्हणू शकतो.

कागद सीमा का ओलांडत नाही

एका पायरीवरील कागद दुसऱ्या पायरीवर का पोहोचत नाही, याचे कारण शोधताना व्यक्तींना दोष देणे सोपे असते. आमच्या मते मूळ रचनेत आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. आणि शहरातील दवाखाने महानगरपालिकेकडे. १९४६ च्या भोर समितीने खालून वर जाणाऱ्या आरोग्यसेवेची जी कल्पना मांडली, तिच्यात रुग्ण एका साखळीतून पुढे जाणार होता. ३०,००० लोकसंख्येस, आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येस, एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा पुढे ठरलेला निकष त्याच विचारातून आला. पायऱ्या झाल्या, परंतु प्रत्येक पायरीचा मालक निराळा राहिला. रुग्ण एका मालकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो तेव्हा त्याचा क्रमांक बदलतो, केसपेपर बदलतो आणि त्याचा इतिहास शून्यापासून सुरू होतो.

नियमही दारागणिक बदलतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या विभागाखाली येत नाहीत. जिल्हा रुग्णालयात पैसे न भरता आलेला रुग्ण पुढच्या दारात पावती फाडण्यास सांगितल्यावर गोंधळतो, कधी भांडतो; आणि खिडकीतील लिपिकाला त्याला कारण समजावून सांगण्यास वेळ नसतो. दोघेही चिडून घरी जातात.

येथे एक गमतीची गोष्ट आठवते. एका रुग्णाच्या केसपेपरवर प्रत्येक भेटीत "सीएसटी" अशी तीन अक्षरे लिहिलेली होती. दहावी झालेल्या त्याच्या मुलाने ती वाचली आणि आम्हांस गंभीरपणे विचारले, "वडिलांना मुंबईला कोणत्या दवाखान्यात न्यायचं? स्टेशनाचं नाव लिहिलंय फक्त." आहे तेच उपचार चालू ठेवावेत, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. त्या घरात मुंबईच्या गाडीभाड्याची तजवीज सुरू झाली होती.

क्षयरोगाचे उदाहरण

उलट दिशेने माहिती यावी अशी व्यवस्था करावयाचीच म्हटली तर ती करता येते, हे क्षयरोगाच्या कार्यक्रमाने दाखविले आहे. म्हणून त्याचा विचार थोडा बारकाईने करू. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे खाजगी व्यावसायिकांवर बंधनकारक झाले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रयोगशाळा आणि औषधविक्रेते यांचाही त्यात स्पष्ट समावेश झाला. औषधविक्रेत्यांना क्षयविरोधी औषधांची नोंद मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ च्या स्वतंत्र वहीत ठेवावीच लागते. 'निक्षय' प्रणालीत रुग्णास क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर त्याचे उपचार कोठेही पाहता येतात. एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

आता प्रत्यक्ष पाहू. सीबीनॅट यंत्रावर थुंकीच्या नमुन्याचा निष्कर्ष दोन तासांत मिळतो. आमच्या भागात तो रुग्णाच्या हाती पडण्यास आठ-दहा दिवस लागल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे; कारण नमुना उपकेंद्रातून यंत्रापर्यंत जाण्याचे वार ठरलेले, आणि निष्कर्ष परत येण्याचे वार तर ठरलेलेही नाहीत. द्रवमाध्यमातील कल्चरला मात्र जिवाणू वाढण्यासच सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. हा उशीर यंत्रणेचा नव्हे, जिवाणूच्या स्वभावाचा आहे. परंतु दोन तासांचा निष्कर्ष आणि सहा आठवड्यांचा निष्कर्ष यांतील फरक रुग्णास कोणी सांगत नाही, म्हणून दोन्ही उशीर त्याला सारखेच वाटतात. तो म्हणतो, सरकारी काम आहे, होईल केव्हातरी. आणि दरम्यान तो घरातल्या एकाच खोलीत नातवंडांबरोबर झोपतो.

२०२४ च्या वसंतात क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला. मार्चमध्ये केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर औषधे खरेदी करण्यास कळविले. ही बातमी आम्हांस आणि औषधविक्रेत्यांना वृत्तपत्रातून कळली. आमच्या ओळखीच्या रुग्णांना एरवी महिन्याची औषधे मिळत. त्या दिवसांत आठवड्याची, कधी चारच दिवसांची मिळू लागली. "संपली आहेत, चार दिवसांनी या," एवढेच उत्तर. तुटवडा सर्वत्र आहे, तुम्ही डोस चुकवू नका, तोवर अमुक दुकानातून घ्या, असे सांगणारा आवाज नव्हता. या व्याधीत औषधात खंड पडणे म्हणजे काय, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. तालुक्याच्या गावातील एका औषधविक्रेत्याने त्या काळात आपल्या एच-१ वहीवरून स्वतःच रुग्णांना दूरध्वनी करून साठा कोठे आहे ते कळविले. त्यास कोणी सांगितले नव्हते.

दुकानदाराच्या टेबलावर

औषधविक्रेत्यांचा उल्लेख आलाच आहे तर त्यांची बाजूही नोंदवितो. शासकीय रुग्णालयात औषध नसले की केसपेपरच्या कडेचा एक तुकडा फाडून त्यावर नाव लिहिले जाते आणि रुग्ण तो घेऊन दुकानी येतो. तुकड्यावर रुग्णाचे नाव नाही, तारीख नाही, मात्रा बहुधा नाही, लिहिणाऱ्याची सही क्वचित. दुकानदाराने औषध द्यावे तर नियम मोडतो, न द्यावे तर दारातला माणूस पन्नास किलोमीटरवरून आलेला असतो. औषध का नाही, याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते. राज्याची खरेदी २०१७ पासून हाफकिनच्या संस्थेकडे एकत्र सोपविली गेली. ती घडी नीट न बसल्याने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निराळे स्थापन झाले. यंत्रणा बदलत असताना मधल्या काळात कपाटे रिकामी राहतात. ती रिकामी असल्याचा फलक आम्ही आजवर एकाच ग्रामीण रुग्णालयात पाहिला. तेथील औषधनिर्मात्याने उपलब्ध नसलेल्या औषधांची नावे मराठीत खडूने फळ्यावर लिहिली होती. त्या खिडकीशी भांडण होताना आम्ही पाहिले नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती आता बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर आणि २०१७ पासून आजच्या नावाने चालते. योजनेतील आरोग्यमित्र हा रुग्णालयाच्या इमारतीतील बहुधा एकमेव मनुष्य, ज्याचे कामच बोलणे आहे. चांगला आरोग्यमित्र लाभला तर अर्धी चिंता संपते. तरीही शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावात एका अक्षराचा फरक आहे, हे दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळविले जाते, आणि मुलगा शिधापत्रिका आणण्यास गावी परत जातो. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे, हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे. रुग्ण पाठवितानाच शिधापत्रिका, आधार आणि त्यांवरील नावे आपल्या दवाखान्यात ताडून पाहिली तर दोन दिवस वाचतात. आम्ही आता ते करतो.

टेबलाच्या दोन्ही बाजूंस आपलेच

या प्रश्नाची एक बाजू आपल्या संघटनेने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. महाराष्ट्रात शासकीय आरोग्यसेवेच्या खालच्या पायऱ्या मोठ्या प्रमाणात आपलेच पदवीधर सांभाळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कितीतरी वैद्यकीय अधिकारी बीएएमएस आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपले तरुण आहेत. शाळा आणि अंगणवाड्यांतील मुले तपासणाऱ्या पथकांत आपले वैद्य आहेत. २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकांत रात्री-अपरात्री रुग्णाशेजारी बसतात तेही बहुतांशी आपलेच. म्हणजे पुष्कळदा एका बीएएमएसने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या बीएएमएसच्या हाती पडते आणि तरीही उत्तर येत नाही.

आमच्या तुकडीतील एक मित्र अनेक वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. त्याच्यापुढे आम्ही ही तक्रार मांडली. तो हसला आणि टेबलाच्या खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून म्हणाला, "अरे, आधी आपल्या लोकांनी काय लिहिलंय ते वाच, मग बोल." गठ्ठ्यातील बहुतेक चिठ्ठ्यांवर "पुढील उपचारार्थ" एवढाच मजकूर होता. काय पाहिले, काय दिले, किती दिवस दिले, संशय कशाचा, यांपैकी काहीही नाही. एका चिठ्ठीवर रसकल्प चालू असल्याचे लिहिले होते, कल्पाचे नाव नव्हते. "रुग्णाला किडनीचा त्रास होता. कोणतं भस्म, किती दिवस, हे मी कोणाला विचारायचं? पत्त्याच्या जागी नुसता शिक्का, त्यावरचा फोन बंद." सकाळच्या वेळेत दीडशे रुग्ण, त्यानंतर लसीकरण, मग संध्याकाळपर्यंत निरनिराळ्या अहवालांची संगणकावर नोंद, आणि मधेच शवविच्छेदनासाठी बोलावणे. उत्तर लिहावे असे वाटण्याजोगी चिठ्ठी महिन्यातून एखादी येते, असे त्याचे म्हणणे. आम्हांस ते मान्य करावे लागले. मात्र आम्ही त्यास हेही सांगितले की चांगल्या चिठ्ठीलाही उत्तर न येण्याची सवय लागली की माणूस चांगली चिठ्ठी लिहिणे सोडतो. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

काय करता येईल

आमच्या तालुक्यातील काही व्यवसायी मिळून आम्ही एक चिठ्ठी तयार केली आहे. पान एकच, मधोमध टोचून आडवे दोन भाग. वरच्या भागात रुग्णाचे नाव, वय, मुख्य लक्षणे कालावधीसह, केलेल्या तपासण्या, संशय, आणि दिलेली औषधे. रसकल्प दिला असल्यास त्याचे पूर्ण नाव, बनविणारी फार्मसी, मात्रा आणि दिवस यांसाठी निराळी ओळ ठेवली आहे. ही ओळ कोणत्याही परिस्थितीत रिकामी सोडू नये, दिला नसेल तर "नाही" असे लिहावे. खालचा भाग रुग्णालयासाठी. त्यात तीनच रकाने: काय आढळले, पुढे काय ठरले, वैद्याने काय करावे किंवा थांबवावे. शेवटी आपला चालू दूरध्वनी. रुग्णास मराठीत तोंडी सांगावयाच्या दोन गोष्टी आम्ही चिठ्ठी देतानाच सांगतो: कोणत्या विभागात कोणत्या वारी जावयाचे, आणि तारीख दहा दिवसांपलीकडची मिळाल्यास त्याच दिवशी आम्हांस कळवावयाचे. वारांची माहिती दूरध्वनीवर मिळत नाही. आमच्यापैकी एकाने एकदा रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन सर्व युनिटांचे वार उतरवून आणले. तो कागद आता सर्वांच्या भिंतीवर आहे. वर्षातून एकदा तो ताडून पाहावा लागतो.

रुग्णास कागद नाकारले जातात तेव्हा नियमाचा आधार घेता येतो, हेही सांगून ठेवले पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने लेखी मागणी केल्यास वैद्यकीय अभिलेख ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आजाराची माहिती मिळण्याचा आणि अभिलेख मिळण्याचा हक्क अग्रभागी आहे. लेखी अर्ज म्हटला की लोक बिचकतात. चार ओळींचा अर्ज दवाखान्यात लिहून दिला की बिचकत नाहीत. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. त्यांच्या खोलीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. रांगेतल्या दहा माणसांना विचारण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानातील 'आभा' क्रमांकाने हा सारा प्रश्न सुटेल, असे काही मित्रांचे मत आहे. क्रमांक चौदा अंकी आहे आणि तो काढून ठेवावा, याबद्दल दुमत नाही; मोठ्या रुग्णालयांत त्यामुळे केसपेपरची रांग तरी टळते. परंतु त्या क्रमांकाखाली दोन्ही बाजूंनी काही लिहिले गेले तरच दुसऱ्या बाजूस वाचता येणार. आपल्या दवाखान्यांत आजही नोंद वहीत होते. ती वही जोवर आहे तोवर कागदाची चिठ्ठी नीट लिहावी लागेल.

जिल्हा शाखेच्या येत्या बैठकीत हा नमुना मांडून तो जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे एकत्रितपणे न्यावा, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. मागणी एकच आहे: खालच्या भागातील तीन रकाने भरून तो तुकडा रुग्णाच्या हाती परत द्यावा. पैसा लागत नाही, पद लागत नाही.

उत्तरे अजून थोडी येतात. मागील महिन्यात ग्रामीण रुग्णालयातील एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याकडून आलेल्या तुकड्यावर लिहिले होते: "हिमोग्लोबिन ५.२. दाखल केले, रक्त दिले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. आपले नवायस चूर्ण चालू ठेवावे की थांबवावे, कळवावे." आम्ही त्याच दुपारी दूरध्वनी करून तूर्त थांबविण्यास सांगितले आणि मासिक रजःस्रावाचा जो इतिहास रुग्णेने तेथे संकोचाने सांगितला नव्हता तो त्यांना सांगितला. दोन दिवसांनी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेण्यात आले.